तिथीची पाऊणपट

खोली दाखवून झाल्यावर त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "घरात पंचांग आहे का?" आणि दुसरा, "मोजे कुठे वाळत घालता?"

मी कसबा पेठेतला. वाघोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकताच लागलो होतो. कसब्यातून रोज वाघोली गाठताना जीव अर्धा व्हायचा, म्हणून विश्रांतवाडीत भाड्याची खोली शोधत होतो. समोर कपाटावर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले हे गृहस्थ मला पंचांग विचारत होते. आपली परीक्षा चालली आहे, असं समजून मी फार सावध उत्तर दिलं. आई बघते, मी काही त्यातला नाही, आम्ही तसे आधुनिकच आहोत, वगैरे. ते शांतपणे ऐकून घेत होते.

"अहो, मी तुमचे विचार नाही विचारले," ते म्हणाले. "मला रोज सकाळी तिथी लागते. आमच्या कॅलेंडरवर पौर्णिमा तेवढ्या असतात. मोबाइलवर माझा विश्वास नाही. तुम्ही जाता जाता सांगून जायची. जमेल?"

जमेल म्हटलं. मोज्यांचं कोडं मात्र संध्याकाळी गच्चीवर गेल्यावर सुटलं.

गच्चीच्या एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला एक निळी प्लॅस्टिकची बादली, आणि कठड्याला स्क्रूनं बसवलेली सायकलची घंटा. घरमालक, ज्यांना मी काका म्हणायला लागलो, टाकीला पाठ लावून उभे राहायचे. हातात दहा फुटी काठी, तिला रीळ, दोऱ्याच्या टोकाला शिशाचा गोळा. घंटा दोनदा वाजवायचे. घंटा म्हणजे गच्चीवरच्या मंडळींनी मान खाली घालायची, हे आजूबाजूच्या चार इमारतींना पाठ होतं. मग काठी खांद्यावरून पुढं यायची, दोरा हवेत सुळकन जायचा आणि शिसं बादलीत पडल्याचा 'टक' असा आवाज यायचा. दहातले सात टक. उरलेले तीन कोणाच्या तरी दोरीवरच्या मोज्यांत.

समोरच्या गच्चीवरच्या बाई रोज विचारायच्या, "काय काका, आज काय मिळालं?"

"बादली मिळाली. लहान होती, सोडून दिली."

समुद्रापासून इतक्या लांब बसून हा माणूस वर्षभर समुद्राची तयारी करायचा. जायचा मात्र हिवाळ्यात, तेही फार तर दोनदा. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला एक गाव आहे. मैलभर लांब किनारा, मागं सुरूचं बन, गर्दी नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची त्यांची नोकरी होती, आणि ऐन तरुणपणी खाऱ्या जमिनीच्या बांधांचे नकाशे काढायला त्यांची तीन वर्षं त्या गावाजवळ बदली झाली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, किनाऱ्यावरून गळ टाकणं. दुसरी, तिथीची पाऊणपट.

ती अशी. आज कितवी तिथी आहे ते बघायचं, त्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. दिवसाही तेच, रात्रीही तेच. मी आयुष्यभर पंचांगाकडे आईचं काम म्हणून बघितलं होतं. उपासतापास, फार तर लग्नाचे मुहूर्त. त्यात समुद्राचं घड्याळ आहे, हे मला विश्रांतवाडीत, पंचांगाशी काडीचा संबंध नसलेल्या एका माणसाकडून कळलं.

मग ते आमचं रोजचंच झालं. सकाळी साडेसातला मी जिना उतरायचो. ते दारात दात घासत उभे.

"काय कसबा, तिथी?" मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. कसबा म्हणायचे.

"षष्ठी, काका."

"साडेचार," असं म्हणून ते आत जायचे, आणि त्या दिवसाचं त्यांचं सगळं वेळापत्रक तेवढ्यानं ठरायचं. दुपारची झोप ओहोटीत. दाढी, भाजी आणणं, बँकेत जाणं, सगळं पाणी चढताना. काकू महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाजातली शाळा सुटली नव्हती. त्या म्हणायच्या, "माझ्या लग्नात मुलाकडची मंडळी दीड तास उशिरा आली. का? तर नवरदेव म्हणाले, ओहोटी आहे, थांबू या."

"खोटं," काका पेपरातून म्हणायचे. "सव्वा तास."

हिवाळ्यातल्या संध्याकाळी मला अजून आठवतात. कॉलेजातून आलो की मी सरळ गच्चीवर जायचो. कानटोपी घातलेले काका शिसं गुंडाळून ठेवून कठड्याला टेकलेले असायचे. लोहगावच्या बाजूनं विमान उतरायचं, खाली आळंदी रस्त्यावर हॉर्न चालू असायचे, कुठून तरी शेकोटीचा वास यायचा. आणि काका हळू आवाजात सांगायला लागायचे. "आता पाणी त्या काळ्या कातळाला लागलं असेल. पहिली लाट नुसती चाटून जाते. खेकडे वर सरकले असतील. सुरूच्या सावल्या पाण्यापर्यंत आल्या असतील बघा." मी तेव्हा ते गाव पाहिलंही नव्हतं. पण ते बोलायचे तेव्हा खालचा रस्ता मला हळूहळू ऐकू येईनासा व्हायचा, गच्चीच्या पलीकडं काहीतरी मोठं, करडं, हलतं आहे असं वाटत राहायचं, आणि चहा घेऊन काकू वर आल्या की मी दचकायचो. मला ते आवडायचं. दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला एवढं मोठं काही फुकट मिळत नाही.

त्यांना मिळणारे मासे मात्र अगदीच लहान असायचे. मुडदुशी नावाचा एक मासा असतो, वाळूच्या किनाऱ्याशी थंडीत येतो, सडपातळ, चंदेरी, वीतभर लांब. तेवढाच. एखादी शेंगटी, म्हणजे मिशांचा जरा मोठा मासा, लागली तर तो वर्षभर पुरणारा प्रसंग. बर्फाची पेटी घेऊन सुरमई आणणारी मंडळी असतात, तसले हे नव्हेत. दिवसाला दोन मासे एवढाच त्यांचा नियम. तिसरा आला तर परत पाण्यात. तिसऱ्याची वेळ, त्यांच्याच शब्दांत, "शासकीय वेतनवाढीइतकी क्वचित" यायची.

शिवाय गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, ज्याच्यामुळं मासा सुटत नाही, तो ते कानशीनं घासून काढायचे. म्हणजे लागलेले निम्मे सुटून जायचे. मी एकदा विचारलं, हे कशासाठी?

"हिला विचारा," ते म्हणाले.

काकू दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. "मी तीस वर्षं पंचशील घेते," त्या म्हणाल्या, "त्यातलं पहिलंच, जीवहिंसा करणार नाही. आणि तीस वर्षं हे पहिलंच मोडतात."

"मोडत नाही. वाकवतो," काका म्हणाले. "ज्याला सुटायचं त्याला मी दार उघडं ठेवलंय. आणि दोनातला एक कोण खातं, तेही सांग यांना."

काकू उठल्या. चहाचे कप उचलून खाली गेल्या.

खरी गंमत त्यांना मासा मिळण्यात नव्हतीच. ती त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होती. गळ टाकून झाला की ते दोरा त्या बोटाच्या पेरावर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. त्या बोटाला ते कान म्हणायचे. "पाणी ओढतं ते वेगळं, वाळू घासते ते वेगळं. खेकडा कुरतडतो तो उद्धट. मुडदुशी आली की दोन टिचक्या मारते, दार वाजवावं तशा. तिसरीला आपण काठी उचलायची. हे सगळं कानाला कळतं. डोळ्यांचं तिथं काम नाही." एरवी पाच शब्दांत संभाषण संपवणारा माणूस या बोटाबद्दल बोलताना पार हळवा व्हायचा.

आणि तोच कान जायला लागला.

मधुमेह त्यांना पूर्वीपासून होता. दुसऱ्या वर्षी बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली संवेदना परत येईल असं धरून चालू नका, आहे ती जपा. काकांनी त्यावर एक चाचणी काढली. गच्चीच्या त्या टोकाला मी दोरा धरून उभं राहायचं, या टोकाला तो त्यांच्या बोटावर, डोळे मिटलेले. मी मनात येईल तेव्हा दोऱ्याला नखानं टिचकी मारायची आणि त्यांनी म्हणायचं, "आला."

सुरुवातीला एकही चुकायची नाही. डोक्यावरून लढाऊ विमान कानठळ्या बसवत गेलं तरी "आला". दिवाळीच्या सुमाराला चारातली एक चुकायला लागली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी टिचकी मारली आणि काका गप्प. परत मारली. गप्प. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "आला का?"

त्या वेळी मी कुठलीच टिचकी मारलेली नव्हती. "आला काका," मी म्हणालो.

त्यांनी दोरा गुंडाळला. "कसबा, माझा एक ठराव झालाय. ज्या हिवाळ्यात मासा येऊन गेला आणि मला कळलंच नाही, तो शेवटचा. मग काठी माळ्यावर. कळत नसताना नुसतं पाण्यात दोरा टाकून बसणं म्हणजे मासे पकडणं नव्हे, ती चोरी." आणि जिना उतरताना त्यांनी पहिल्यांदाच कठड्याला धरलं.

त्या वर्षी काकूंचा गुडघा दुखत होता, त्या जाऊ शकत नव्हत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"तुम्ही यांच्याबरोबर जा. यांना एकट्याला सोडायचं नाही. आणि ऐका. हे हात हलवत परत आले तर ती काठी माळ्यावर जाईल. मग हा माणूस या घरात वर्षभर काय करील? मी बघितलेलं नाही ते, आणि मला बघायचंही नाही." त्यांचा शाळेचा आवाज कुठं तरी गेला होता. "शील मी सांभाळते. यांना एक मासा मिळू दे."

ताम्हिणी घाटातून एसटीनं खाली उतरताना काका खिडकीशी बसले होते. हवा दमट व्हायला लागली तशी त्यांनी कानटोपी काढून खिशात ठेवली. मी समुद्र पूर्वी पाहिला होता, पण तो सहलीतला, भेळेचा. हा वेगळाच होता. सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि समोर ते सगळं तसंच पसरलेलं होतं जसं मी गच्चीवरून ऐकलं होतं. काळा कातळ, त्याला चाटून जाणारं पाणी, वर सरकणारे खेकडे. आपण इथं राहून गेलो आहोत आणि मधली वर्षं विसरलो आहोत, असं मला क्षणभर वाटलं.

षष्ठी, सप्तमी, अष्टमी असे तीन दिवस त्यांनी मुद्दाम निवडले होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी दोऱ्याला फरफटत नेतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, सुस्त, कमी चढणारं. त्यात बारीक टिचकीही कळते. उतारवयात माणसं बसायला मऊ खुर्ची निवडतात, तसं त्यांनी कानाला सोपं पाणी निवडलं होतं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी गळाला कोळंबीचा तुकडा लावून टाकला. फेक अजून देखणी होती. मग दोरा बोटावर, डोळे मिटलेले. अर्ध्या तासानं त्यांनी रीळ फिरवून गळ बाहेर काढला. तुकडा गायब. गळ धुतल्यासारखा स्वच्छ. परत तुकडा, परत अर्धा तास, परत गळ स्वच्छ. कोणीतरी येत होतं, खात होतं आणि जात होतं. ते मला कळत होतं, त्यांना तर कळत होतंच; फक्त जेव्हा कळायला हवं तेव्हा कळत नव्हतं.

"खेकडे असतील, काका."

"हो. फार सभ्य खेकडे आहेत यंदा."

दुसरा दिवसही तसाच गेला. रात्री काका जेवायला बसले. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी दोनदा भात वाढला, तो त्यांनी दोनदा मुकाट्यानं खाल्ला. मला काकूंचा चेहरा दिसायला लागला, आणि सकाळी उठेपर्यंत माझं ठरलं होतं.

होड्या लागतात तिथं सकाळी बाया मासे घेऊन बसतात. मी जन्मात मासा विकत घेतला नव्हता. ताजा कसा बघायचा, कोणता कुठं राहतो, काही ठाऊक नाही. मला नावानं माहीत असलेला मासा एकच, कारण तो हॉटेलांच्या पाट्यांवर रंगवलेला असतो. पापलेट. मी त्यातलं सगळ्यात लहान मागितलं. "याकच?" त्या बाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "मांजराला व्हय?" मी मान हलवली आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिवसभर सुरूच्या मुळाशी ओल्या वाळूत पुरून ठेवलं.

अष्टमीच्या संध्याकाळी पाच वाजता काका काठी वाळूत रोवून बनात गेले. तेवढ्यात मी दोरा ओढून घेतला, ते पापलेट गळात अडकवलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडून आलो. ते परत आले.

"काका, काठी हलली!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काठी उचलली. रीळ फिरवायला लागले. पापलेट वाळूवरून ओढत आलं, चमकत होतं. काका खाली बसले, गळ सोडवला, मासा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. मी इतका खूश होतो की काकूंना फोन लावला. काका म्हणाले, "तुम्हीच सांगा काय मिळालं ते."

"काकू, मासा मिळाला! पापलेट!"

"पापलेट?" त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. यांना द्या फोन."

काकांनी ऐकून घेतलं. "हं. हो. नाही, मी नाही, त्यानंच. हो, पोरगं चांगलं आहे. बघतो." आणि फोन मला परत दिला.

"कसबा," ते म्हणाले, "पापलेट गळाला लागत नाही. ते जाळ्यात येतं. कोकणातल्या तान्ह्या पोराला माहीत असतं, आणि तीस वर्षं माझ्याबरोबर राहून आमच्या हिलाही. शिवाय समुद्रातून सरळ येणाऱ्या माशाच्या कल्ल्यात रद्दीचा तुकडा नसतो."

त्यांनी तो तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर कुणाच्या तरी साखरपुड्याची अर्धी बातमी होती. वाळूनं मला गिळून टाकलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायला लागलो, काकू, काठी, माळा, असं तुटक तुटक.

"मला मासा नको होता हो," काका म्हणाले. रागावलेले नव्हते ते. रागावले असते तर परवडलं असतं. "मासा बाजारात मिळतो. तो आलेला मला कळायला हवा होता." आणि तोंड फिरवून ते पाण्याकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यांकडे बघून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सूर्य टेकायला आला होता. साडेपाच झाले असतील. पाणी अजून चढत होतं, अष्टमीला सहापर्यंत चढतं. काका उठले. गळाला कोळंबी लावली, काठी खांद्यावर घेतली आणि फेकली. मग माझा हात ओढून दोरा माझ्या बोटावर ठेवला.

"मिटा डोळे. काय कळतंय?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. परत बघा."

मी उभा राहिलो. दोरा ओला, गार, बोटावर ताणलेला. हळूहळू त्यात काहीतरी जायला यायला लागलं. "ओढतंय. आता सोडतंय."

"ती लाट. पुढं?"

"बारीक खरखर."

"शिसं वाळूवरून सरकतंय. पुढं?"

मी सांगत गेलो, ते ओळखत गेले. मला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. मी जणू त्या दोऱ्यावरून चालत चालत पाण्याखाली पोचलो होतो, तिथं हिरवट अंधार होता आणि सगळं सावकाश चाललं होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. आणि मग कोणीतरी दार वाजवलं.

"काका! टिचकी!"

"किती?"

"एक. नाही, दोन."

"थांबा. श्वास घेऊ नका. तिसरीला."

तिसरीला मी काठी उचलली. वीतभर मुडदुशी निघाली, माझ्या हातात एवढीशी धडधडत. काटा घासलेला होता, गळ अलगद निघाला. काकांनी मासा बघितलाही नाही. माझा चेहरा बघत होते.

"कशी होती टिचकी? नीट सांगा."

मी सांगितली. त्यांनी परत सांगायला लावली. पहिली आणि दुसरी यांच्यात अंतर किती होतं, जोर कोणत्या टिचकीला होता, नख लागल्यासारखी की ओठ लागल्यासारखी. "ओठ," मी म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"सोडा तिला," ते म्हणाले. "आज जेवायला पापलेट आहे."

काठी माळ्यावर गेली नाही. पुढचे तीन हिवाळे आम्ही जात राहिलो. फेकायचे ते, ऐकायचो मी, आणि ऐकलेलं जसंच्या तसं त्यांना सांगायचो. ग्रंथालयात मला कोणी बोलकं म्हटलं नसतं. तिथं मात्र मी संध्याकाळभर बडबडत असे. ठरावाबद्दल मी एकदा भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "ठरावात कोणाला कळलं पाहिजे ते लिहिलेलं नाही." सरकारी माणूस. पळवाट त्यांना बरोबर सापडली होती. पण खरं सांगायचं तर तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं, हे मला माहीत होतं. मी टिचकी सांगायचो तेव्हा ते ज्या तऱ्हेनं पुढं वाकायचे, त्यात भूक असायची. त्यांना बातमी मिळत होती, मासा नव्हता मिळत.

काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मी तेव्हाही त्याच घरात राहत होतो, अजूनही राहतो. काकूंना आता माझ्याकडून तिथी लागत नाही, तरी सकाळी मी सांगून जातो आणि त्या "बरं" म्हणतात.

शेवटच्या हिवाळ्यात पायाची जखम चिघळली होती. त्यांना पलंगावरून उतरता येत नव्हतं. तरी अष्टमी जवळ आली तसे ते अस्वस्थ व्हायला लागले, आणि एका सकाळी म्हणाले, "तुम्ही जाऊन या." मी नको म्हणत होतो. काकू म्हणाल्या, "जा हो. हे रोज भिंतीशी तास न् तास बोलतात, त्यापेक्षा तुमच्याशी बोलू देत."

मी एकटाच गेलो. सहाला थोडा अवकाश असताना गळ टाकला. फेक माझी वाईटच, पण पडली पाण्यात. दोरा बोटावर घेतला, मोबाइल कानाशी खांद्यात धरला. विश्रांतवाडीला काकूंनी फोन त्यांच्या उशाशी ठेवला होता.

"बोला," काका म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता.

मी सांगायला लागलो. पाणी कातळाला लागलंय. वारा जमिनीवरून आहे. ओढतंय, सोडतंय. शिसं सरकलं. परत ओढतंय. ते मधूनच "हं" म्हणायचे. मग तेही थांबलं, त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. झोपले असतील असं वाटून मी आवाज खाली आणला, पण सांगायचं सोडलं नाही. एक तुकडा असाच गेला. दुसरा लावून टाकला. सूर्य बुडाला, वाळू गार पडली.

पहिली टिचकी आली, इतकी हलकी की माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही. मी बोलायचा थांबलो. दुसरी आली.

"आला," काका म्हणाले.

मी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.